रिझ्यूम केलेला आयडी परत परत रिव्होक होतो तेव्हा काय तपासायचं

लक्षणं

मेनफ्रेमवरचा युजर सांगतो, ‘शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नीट चालू होतं, आज लॉगऑनच घेत नाही.’ आयडी रिव्होक, म्हणजे बंद, झालेला असतो. हेल्पडेस्क तो रिझ्यूम, म्हणजे परत चालू, करतो. दिवसभर काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. तिसऱ्या दिवशी कोणीतरी पासवर्डही बदलून देतो, आणि त्यानंतर तर आयडी दिवसातून दोनदा बंद पडायला लागतो.

टीएसओच्या, म्हणजे माणूस स्क्रीनवर बसून वापरतो त्या, आयडीवर हे असं दिसतं. बॅचच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या जॉबच्या, आयडीवर ते रात्री दिसतं. जॉब सुरू होण्याआधीच पडतो, आणि सिसलॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या लॉगमध्ये, आयसीएच४०८आय हा मेसेज ‘लॉगऑन/जॉब इनिशिएशन – रिव्होक्ड यूजर अ‍ॅक्सेस अटेम्प्ट’ असं सांगत असतो. बाहेरच्या सर्व्हरवरून फाइल पाठवणारा आयडी असेल तर समोरच्या टीमला एफटीपीचा ५३०, म्हणजे लॉगऑन नाकारल्याचा कोड, दिसतो आणि ते ‘मेनफ्रेम डाउन आहे’ असं तिकीट टाकतात. मशीन व्यवस्थित चालू असतं, बंद असतो फक्त तो एक आयडी.

एक खूण मात्र नीट लक्षात ठेवा. आयडी कामाच्या दिवशी टिकतो आणि सुट्टीनंतर, शनिवार-रविवारनंतर किंवा रात्रीतून जातो, असं असेल तर अर्ध्याहून अधिक निदान तिथेच झालं. रॅकएफ, म्हणजे मेनफ्रेमवर आयडी आणि पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर, चुकीचे पासवर्ड सलग मोजतो. मध्ये एकदा बरोबर पासवर्ड आला की मोजणी शून्यावर जाते. म्हणजे कुठेतरी जुना पासवर्ड घेऊन बसलेला एखादा प्रोग्रॅम दर थोड्या वेळाने दार ठोठावत असतो. माणूस दिवसभर स्वतः लॉगऑन करत राहतो, त्यामुळे मोजणी मर्यादेपर्यंत पोचत नाही. रात्री माणूस झोपतो, प्रोग्रॅम झोपत नाही.

मी झेड/ओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) आणि रॅकएफचं काम कणकवलीजवळच्या आमच्या घरातून करतो. मुंबई-पुणे सोडून घरी आलेले आमच्यासारखे इथे आता बरेच आहेत, कुडाळ, सावंतवाडी, रत्नागिरी, चिपळूण असे पसरलेले. हा एकच बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता फोनवर पहिली दोन वाक्यं ऐकली की कुठे बघायचं ते कळतं. खालचा क्रम तसाच आहे: आधी फुकट आणि पाच मिनिटांत होणारं, नंतर मेहनतीचं.

पासवर्ड रीसेट करण्याआधी थांबा

ही तपासणी नाही, पण सगळ्यात आधी हे सांगायलाच हवं. युजरला त्याचा पासवर्ड आठवत असेल तर फक्त रिझ्यूम करा, पासवर्ड बदलू नका. पासवर्ड बदलला की तो ज्या ज्या ठिकाणी साठवलेला आहे ती प्रत्येक जागा त्या क्षणी चुकीची ठरते. आधी एकच जुना क्लायंट त्रास देत होता, आता चार देतील. ‘रीसेट केल्यावर जास्तच व्हायला लागलं’ ही तक्रार याचमुळे येते. हेल्पडेस्कच्या सवयीत रिझ्यूम आणि रीसेट एकाच दमात होतात. ती सवय मोडायला मला एका टीमबरोबर दोन महिने लागले, पण त्यानंतर त्यांच्याकडची या प्रकारची तिकिटं खरंच कमी झाली.

पहिली पायरी: लिस्टयूजर नीट वाचा

‘लिस्टयूजर’ ही आयडीची माहिती दाखवणारी कमांड द्या आणि वरपासून खालपर्यंत पूर्ण वाचा. बहुतेक जण ‘अ‍ॅट्रिब्यूट्स’समोर ‘रिव्होक्ड’ दिसलं की थांबतात.

‘रिव्होक डेट’ बघा. तिथे उलटून गेलेली तारीख असेल तर चुकीच्या पासवर्डचा बहुधा संबंधच नसेल. कोणीतरी आधीच तारीख घालून ठेवली आहे, बहुधा कंत्राटाची मुदत म्हणून. आणि इथे आपल्याकडे हमखास होणारी एक चूक आहे. रॅकएफ ही तारीख महिना/दिवस/वर्ष अशी घेतो. आपण लहानपणापासून दिवस आधी लिहितो. ७ ऑगस्टला मुदत संपते म्हणून ०७/०८ टाकलं की रॅकएफ ते ८ जुलै समजतो आणि माणूस महिनाभर आधीच बाहेर पडतो. दिवस बारापेक्षा मोठा असला तर कमांड चूक दाखवते, म्हणून ही गफलत फक्त महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत लपते. तारीख पुसायला ‘ऑल्टयूजर’ या आयडी बदलायच्या कमांडमध्ये ‘नोरिव्होक’ आहे. आयडी चालू करून ती तारीखही काढा, आणि मुदत खरी किती आहे ते त्याच्या मॅनेजरकडून लेखी घ्या.

मग खाली ग्रुपच्या ओळी बघा. आयडी चांगला असतो, पण एखाद्या ग्रुपच्या कनेक्शनवर रिव्होक असतो. तो ग्रुप डिफॉल्ट असेल तर युजरला वाटतं आयडीच गेला.

शेवटी ‘पासडेट’ (पासवर्ड शेवटचा बदलला ती तारीख) आणि ‘लास्ट-अ‍ॅक्सेस’ कागदावर लिहून ठेवा. पुढे सगळीकडे हे दोन आकडे लागतात. पासवर्ड बदलल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख एकमेकींना लागून असतील तर कुठेतरी जुना पासवर्ड साठवलेला आहे, यात मला तरी शंका राहत नाही.

दुसरी पायरी: नियम काय आहेत ते बघा

‘सेट्रॉप्ट्स लिस्ट’ ही रॅकएफचे नियम दाखवणारी कमांड. ती बघायला स्पेशल (रॅकएफ प्रशासकाचा) किंवा ऑडिटर अधिकार लागतो. तुमच्याकडे नसेल तर सिक्युरिटीवाल्यांकडून त्याची प्रत मागा, त्यात संकोच नको. दोन गोष्टी हव्यात: किती सलग चुकांनंतर आयडी बंद होतो, आणि किती दिवस न वापरल्यास बंद होतो.

दुसरा आकडा वर्षातून एकदा वापरल्या जाणाऱ्या आयडींना गाठतो. ३१ मार्चला वर्षअखेरीचे जॉब चालवणारा आयडी एप्रिल ते फेब्रुवारी कोणी हातात घेत नाही. न वापरल्याचा हिशेब रॅकएफ पुढच्या लॉगऑनच्या वेळी करतो, त्यामुळे आदल्या दिवसापर्यंत काही कुरबुर नसते आणि नेमक्या वर्षअखेरीच्या रात्री जॉब पडतो. सिसलॉगमध्ये तेव्हा ‘एक्सेसिव्ह पासवर्ड्स ऑर इनअ‍ॅक्टिव्ह यूजर’ असं येतं. एकाच वाक्यात दोन कारणं आहेत, म्हणूनच ‘लास्ट-अ‍ॅक्सेस’ची तारीख आधी लिहून ठेवायला सांगितलं.

काही ठिकाणी या टप्प्यावर सुचवलं जातं की चुकांची मर्यादा ३ वरून १० करू. करू नका. साठवलेला जुना पासवर्ड दहापर्यंतही पोचतोच, फक्त थोडा उशिरा. आणि खऱ्या चोराला मात्र प्रत्येक आयडीवर सात जास्तीचे प्रयत्न मिळतात.

तिसरी पायरी: माणसाशी बोला

इथे घाई केली की पुढे तासन्‌तास लॉग वाचावे लागतात. ‘पासवर्ड कुठे सेव्ह केला आहेस का?’ असं विचारलं की उत्तर नेहमी ‘नाही’ येतं, आणि ते खोटं नसतं, त्याला आठवत नसतं. म्हणून एकेक वस्तू घेऊन विचारायचं. ३२७० इम्युलेटरमध्ये (मेनफ्रेमची स्क्रीन पीसीवर दाखवणारा प्रोग्रॅम) लॉगऑनचा मॅक्रो आहे का? एक्लिप्सवर चालणारं डेव्हलपमेंट टूल आहे का, आणि ते उघडताक्षणी स्वतः कनेक्ट होतं का? झोवेचं (मेनफ्रेमला बाहेरून जोडणारं टूल) प्रोफाइल? डीबीटू डेटाबेसला जोडलेली एक्सेल शीट? एफटीपी क्लायंट? विंडोजच्या शेड्यूलरमध्ये कधीतरी टाकून ठेवलेली स्क्रिप्ट? जुना लॅपटॉप कुठे आहे, आणि तो चालू आहे का?

दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत कुडाळची एक सहकारी अशीच हैराण झाली होती. ‘दादा, माझो आयडी परत बंद पडलो. मी काय्येक करूक नाय.’ रोज सकाळी हेच. ती मुंबईच्या ऑफिसातून सुट्टीला घरी आलेली, गौरी-गणपती करून इथूनच दोन आठवडे काम करणार होती. निघण्याच्या आदल्या दिवशी पासवर्डची मुदत संपत आली म्हणून तिने तो बदलला होता, इथपर्यंत पहिल्याच दिवशी कळलं. घरच्या लॅपटॉपवर काही सापडेना. मी तिला म्हटलं, तुझ्या मुंबईच्या टेबलावर काय काय आहे ते डोळ्यांसमोर आण आणि मला सांग. ती सांगत गेली: मॉनिटर, कीबोर्ड, देवाचा छोटा फोटो, खाली डेस्कटॉपचा डबा. मग थांबली आणि म्हणाली, ‘दादा, तो डबा मी बंदच नाय केलंय.’ त्या डेस्कटॉपवर डेव्हलपमेंट टूल उघडं होतं, त्याच्या पोटात जुना पासवर्ड होता, आणि कनेक्शन तुटलं की ते आपोआप परत जोडायला जायचं. ऑफिसातल्या एका शिपायाला फोन करून तो डबा बंद करून घेतला. त्यानंतर आयडी एकदाही गेला नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात याच बिघाडाचं आणखी एक रूप दिसतं. लाइट जाते, इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालू राहतो पण राउटर एकदा मरतो आणि परत उठतो, व्हीपीएन तुटतं. इम्युलेटर शहाणपणा करून स्वतः जोडायला जातो आणि मॅक्रो साठवलेला पासवर्ड टाकतो. पासवर्ड बरोबर असेल तर ‘आयडी आधीच वापरात आहे’ असं येतं, कारण जुनं सेशन अजून लटकलेलं असतं. तिथे ‘रीकनेक्ट’ करून आत जायचं, आयडीला काही झालेलं नसतं. पण पासवर्ड जुना असेल तर तीन झटक्यांत आयडी गेला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्या भागात वीज आणि नेट दोन्हींचे हाल होते, आणि त्या आठवड्यात मी असे बरेच आयडी उघडून दिले. तेव्हापासून माझा आग्रह आहे की इम्युलेटरच्या मॅक्रोत पासवर्ड ठेवायचाच नाही. आयडी ठेवा, कर्सर पासवर्डच्या जागी नेऊन ठेवा, पुढचं बोटांनी टाइप करा.

चौथी पायरी: चुकीचा पासवर्ड कुठून येतोय ते शोधा

माणसाकडून काही निघालं नाही तर सिसलॉग उघडा आणि आयसीएच४०८आय शोधा. रिव्होक झाल्यानंतरचे मेसेज सोडून द्या. त्याआधीचे ‘इनव्हॅलिड पासवर्ड’वाले हवेत. पहिला कधी आला, किती मिनिटांच्या अंतराने येत राहिले, तेही लिहून घ्या. अगदी समान अंतराने येत असतील तर ते माणसाचं काम नाही.

त्या मेसेजमध्ये टर्मिनलचं नाव असतं, आणि इथेच पुष्कळांची गाडी अडते. टीसीपी/आयपीवरून आलेला प्रयत्न असेल तर टर्मिनलच्या जागी आठ अक्षरांचं काहीतरी विचित्र दिसतं, उदाहरणार्थ सी०ए८०ए१५. ते टर्मिनलचं नाव नाही, तो हेक्झामध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत (ए म्हणजे १०, असं एफ म्हणजे १५ पर्यंत), लिहिलेला आयपी पत्ता आहे. दोन-दोन अक्षरं वेगळी करा. सी० म्हणजे बारा सोळे १९२. ए८ म्हणजे दहा सोळे १६० आणि ८, १६८. ०ए म्हणजे १०. १५ म्हणजे सोळा आणि पाच, २१. झाला पत्ता: १९२.१६८.१०.२१. मी हे अजूनही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने करतो, कारण रात्री दोन वाजता फोनवर कोणाला तरी समजावून सांगताना कागदावर मांडलेलं चुकत नाही.

पत्ता मिळाला की नेटवर्कवाल्यांना तो पत्ता आणि नेमकी वेळ द्या. वेळेबाबत सांभाळा. सिसलॉग आणि एसएमएफ (सिस्टिमच्या घडामोडींच्या नोंदी) त्या सिस्टिमच्या स्थानिक वेळेवर असतात. मशीन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळावर असेल तर आपण त्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो. एका तासाच्या या फरकाने मी एकदा अख्खी दुपार चुकीच्या सर्व्हरच्या मागे घालवली आहे. आणि तो पत्ता व्हीपीएन गेटवेचा किंवा लोड बॅलन्सरचा निघाला तर तिथे थांबू नका. त्या वेळी त्या गेटवेच्या मागे कोण होतं हे गेटवेच्या लॉगमध्येच मिळेल.

टर्मिनलच्या जागी एलयूचं, म्हणजे मेनफ्रेमने त्या कनेक्शनला दिलेलं, नाव असेल तर ते कनेक्शन जिवंत असतानाच टेलनेटच्या कनेक्शनची डिस्प्ले कमांड देऊन त्यामागचा पत्ता काढता येतो. कनेक्शन गेलं असेल तर एसएमएफच्या ११९ प्रकारच्या रेकॉर्डमध्ये टेलनेट सेशन सुरू आणि बंद झाल्याची नोंद असते. एफटीपीचं अयशस्वी लॉगऑनही ११९ मध्येच असतं, सबटाइप ७२. अर्थात तुमच्याकडे ती रेकॉर्ड्स लिहिली जात असतील तर. नसतील तर आजच चालू करून घ्या, कारण गेलेली रात्र परत येत नाही.

सिसलॉग फिरून गेला असेल तर एसएमएफ ८० आहे. लॉगऑनच्या वेळी झालेली अपयशं रॅकएफ नेहमी तिथे नोंदवतो, त्यासाठी वेगळं ऑडिट चालू करावं लागत नाही. आयआरआरएडीयू०० हा रॅकएफचा प्रोग्रॅम वापरून ती वाचता येतील अशी उतरवून घ्या आणि आयडीनुसार, मग वेळेनुसार लावा. आधी चुकीच्या पासवर्डच्या ओळी, मग आपोआप रिव्होक झाल्याची एक ओळ, आणि त्यानंतर बंद आयडीने केलेल्या प्रयत्नांची रांग. चित्र स्पष्ट दिसतं.

पाचवी पायरी: पासवर्ड खरंच चुकीचा आहे का?

कधीकधी पत्ता सापडतो, तिथला माणूस सापडतो, आणि तो शपथेवर सांगतो की पासवर्ड बरोबर टाकतोय. टीएसओमध्ये तोच चालतो, पण जुन्या अ‍ॅप्लिकेशनमधून चालत नाही. तेव्हा लहान-मोठ्या अक्षरांकडे बघा. सिस्टिमवर ‘मिक्स्डकेस’ चालू केलेलं असेल आणि जुना क्लायंट सगळं मोठ्या अक्षरांत करून पाठवत असेल, तर पासवर्ड जुळणार नाही. गंमत नव्हे, खरा त्रास असा की मिक्स्डकेस चालू केल्या दिवशी काहीच बिघडत नाही. जो तो आपापला पासवर्ड पुढच्या मुदतीला बदलतो आणि त्या दिवशी त्याचा बिघाड सुरू होतो. त्यामुळे मूळ बदलाशी कोणी संबंध जोडत नाही.

पासवर्डमधल्या चिन्हांचंही तसंच. डॉलर, हॅश, अ‍ॅट ही चिन्हं वेगवेगळ्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या संकेत-तक्त्यांमध्ये) वेगळ्या जागी बसतात. परीक्षेसाठी फक्त अक्षरं आणि आकडे असलेला पासवर्ड ठेवून बघा. चालला, तर कारण सापडलं.

पासटिकिट, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारा तात्पुरता संकेत, वापरणारं अ‍ॅप्लिकेशन असेल तर दोन्हीकडची घड्याळं तपासा. पासटिकिट सुमारे १० मिनिटंच चालतं आणि एकदाच चालतं. एकच तिकीट घेऊन दोन सेशन उघडणारी स्क्रिप्ट दुसऱ्या सेशनला नाकारली जाणारच.

सहावी पायरी: जेसीएल आणि शेअर केलेले आयडी

बॅचमध्ये शोधायचं तर आयएसपीएफच्या ३.१४ या शोधायच्या पर्यायातून जेसीएलच्या, म्हणजे जॉबचे आदेश लिहिलेल्या, लायब्ररींमध्ये जॉब कार्डावरचा ‘पासवर्ड=’ शोधा. प्रॉडक्शन लायब्ररीत मिळणार नाही असं सगळे म्हणतात. वैयक्तिक लायब्ररींमध्ये, आणि कोणीतरी नोकरी सोडून गेल्यावर राहिलेल्या लायब्ररींमध्ये मिळतो. उपाय पासवर्ड दुरुस्त करणं हा नाही, तो तिथून काढणं हा आहे. ‘सरोगॅट’ क्लासमध्ये, म्हणजे पासवर्डशिवाय दुसऱ्या आयडीने जॉब टाकायच्या परवानग्या असतात त्या रॅकएफच्या गटात, त्या आयडीच्या नावाने ‘.सबमिट’ प्रोफाइल करा, ज्यांना तो जॉब टाकायचा त्यांना रीड द्या, क्लास रिफ्रेश करा. जॉब कार्डावर फक्त ‘यूजर=’ राहील.

ज्या आयडीने कधीच कोणी पासवर्ड टाकून आत येत नाही, म्हणजे स्टार्टेड टास्कचे (सिस्टिमच्या पोटात सतत चालणारे प्रोग्रॅम) आणि निव्वळ बॅचचे, ते ‘प्रोटेक्टेड’ करा. ‘ऑल्टयूजर’ला ‘नोपासवर्ड’ आणि ‘नोफ्रेझ’ दिलं की झालं. प्रोटेक्टेड आयडी चुकीच्या पासवर्डने रिव्होक होत नाही आणि न वापरल्यामुळेही होत नाही. मार्चच्या त्या वर्षअखेरीच्या आयडीवर हाच कायमचा उपाय आहे. पण आधी एसएमएफमध्ये खात्री करा की बाहेरून कोणी त्या आयडीने पासवर्ड देऊन येत नाही. येत असेल तर प्रोटेक्टेड करताक्षणी ते काम थांबेल.

आता शेअर केलेले आयडी. यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण परत परत येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात हट्टी तक्रारी इथल्या असतात. चार माणसं एकाच आयडीवर. एकाने पासवर्ड बदलला आणि तिघांना सांगायला विसरला. तिघांनी एकेकदा जुना टाकला, मर्यादा तीनची, आयडी गेला. कोणीच चूक केली नाही असं प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटतं.

असा आयडी का ठेवला आहे विचारलं की उत्तर बहुतेक वेळा ‘लायसन्स’ असं येतं. या उत्तराची छाननी करा. झेड/ओएस आणि त्याबरोबरची मासिक शुल्काची सॉफ्टवेअर एमएसयूवर, म्हणजे वापरलेल्या क्षमतेवर, मोजली जातात. सब-कपॅसिटी घेतली असेल तर चार तासांच्या फिरत्या सरासरीचा महिन्यातला उच्चांक धरतात. रॅकएफमध्ये चारऐवजी चाळीस आयडी केले म्हणून त्या बिलात एक रुपयाही वाढत नाही. हे मॅनेजरला शांतपणे, कागदावर दाखवा. मी दाखवल्यावर दोन ठिकाणी तिथल्या तिथे स्वतंत्र आयडी मंजूर झाले.

काही इम्युलेटर आणि इतर कंपन्यांची टूल्स मात्र खरोखरच माणशी मोजली जातात. तिथे एका आयडीवर चौघांनी काम करणं हा बचतीचा मार्ग नाही, तो कराराचा भंग आहे, आणि लायसन्सच्या ऑडिटमध्ये तो सापडतो. शिवाय सिक्युरिटी ऑडिटमध्ये ‘हा बदल कोणी केला?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही. करार काय म्हणतो ते खरेदी विभागाकडून वाचायला मागा. स्वतःच्या आठवणीवर किंवा आधीच्या माणसाच्या सांगण्यावर जाऊ नका.

सातवी पायरी: दुसऱ्या सिस्टिमवरून आलेला रिव्होक

टेस्ट आणि प्रॉडक्शन एलपार (मेनफ्रेमचे स्वतंत्र चालणारे भाग) एकच रॅकएफ डेटाबेस वापरत असतील तर टेस्टवर तीनदा चुकलेला माणूस प्रॉडक्शनमध्येही बंद होतो. डेटाबेस वेगळे असूनही आरआरएसएफने (रॅकएफचे डेटाबेस एकमेकांशी जुळते ठेवणारी सोय) जोडलेले असतील तर एका नोडवरचे बदल दुसरीकडे जाऊ शकतात. तुम्ही ज्या एलपारचा सिसलॉग चाळताय तिथे एकही ‘इनव्हॅलिड पासवर्ड’ दिसत नसेल आणि तरी आयडी रिव्होक होत असेल, तर शेजारच्या एलपारचा सिसलॉग उघडा. हे लक्षात यायला मला पहिल्यांदा फार वेळ लागला होता. डेटाबेसच्या प्रतीवर आयआरआरडीबीयू०० (डेटाबेस वाचता येईल असा उतरवणारा प्रोग्रॅम) चालवलं तर प्रत्येक युजरच्या रेकॉर्डमध्ये सध्याची चुकांची मोजणीही दिसते, जी लिस्टयूजर दाखवत नाही. रात्री झोपण्याआधी एकदा आणि सकाळी एकदा चालवून फरक बघणं हा उपयोगी मार्ग आहे. पण आरआरएसएफच्या सेटिंगला स्वतः हात लावू नका.

कुठे थांबायचं

पहिलं. एकाच पत्त्यावरून काही मिनिटांत अनेक वेगवेगळ्या आयडींवर चुकीचे पासवर्ड आलेले दिसले, किंवा स्टार्टेड टास्कच्या नावांवर, आयबीएमयूजरसारख्या सिस्टिमबरोबरच येणाऱ्या नावांवर प्रयत्न दिसले, तर हा बिघाड नाही. कोणीतरी आत शिरू पाहतंय. एकही आयडी रिझ्यूम करू नका, लॉग पुसले जाणार नाहीत याची काळजी घ्या आणि सिक्युरिटी टीमला फोन करा, मेल नव्हे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना कळल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. कळवायचं की नाही हे ठरवणं तुमचं काम नाही, पण तुम्ही उशीर केलात तर त्यांचे सहा तास तुम्ही खाल्लेत.

दुसरं. कन्सोलवर आयसीएच३०१आय आणि पाठोपाठ आयसीएच३०२डी आला, तर तिथे स्पेशल अधिकाराच्या आयडीचा प्रश्न आहे. सिस्टिम ऑपरेटरला विचारते की आणखी एक संधी द्यायची की आयडी बंद करायचा. त्या आयडीच्या मालकाशी त्याच्या नेहमीच्या फोनवर बोलल्याशिवाय उत्तर देऊ नका. तो स्वतः टाइप करत असेल तर ‘वाय’. तो झोपेतून उठून ‘कोण मी? नाही’ म्हणाला, तर ‘एन’ आणि वरचा पहिला मुद्दा. ऑपरेटरने न विचारता ‘एन’ देऊन कामाचा एकुलता एक स्पेशल आयडी बंद केल्यावर काय धावपळ होते ते मी पाहिलं आहे. सीलबंद पाकिटातला आणीबाणीचा आयडी असेल तर त्याची रीतसर नोंद करून तोच वापरावा. एकही स्पेशल आयडी उरला नसेल तर थांबा. डेटाबेसशी खेळ करू नका, तुमच्या रॅकएफ तज्ज्ञाला आणि आयबीएम सपोर्टला बोलवा.

तिसरं. बरोबर पासवर्डही नाकारला जातोय, एकाच नव्हे तर अनेक युजरचा, आणि तो नुकत्याच झालेल्या आयपीएलनंतर (सिस्टिम नव्याने सुरू केल्यावर), मेंटेनन्सनंतर किंवा पासवर्डच्या एक्झिटमधल्या (पासवर्ड तपासताना चालणारा आपला स्वतःचा कोड) बदलानंतर. हेही तुमच्या हातचं नाही. एक्झिट ज्याने बदलली त्याला आणि सिस्टिम प्रोग्रॅमरला उठवा, वेळ कोणतीही असो.

यांपैकी कोणालाही फोन करण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी तयार ठेवा: आयडी, पासडेट, पहिल्या चुकीच्या पासवर्डची वेळ आणि ती कोणत्या घड्याळाची, हेक्झामधला पत्ता जसाच्या तसा आणि त्याखाली तुम्ही उलगडलेला, आणि आतापर्यंत किती वेळा कोणी रिझ्यूम केलं. गेल्या महिन्यात सावंतवाडीच्या एका मुलाने मला रात्री फोनवर हे पाच आकडे ओळीने वाचून दाखवले. मागे कौलांवर पाऊस इतका वाजत होता की पत्त्यातला ‘डी’ आहे की ‘ई’ ते मला त्याच्याकडून तीनदा म्हणून घ्यावं लागलं. अकरा मिनिटांत तो सर्व्हर सापडला.